घड्याळाची टिकटिक

शनिवार, रात्रीचे साडेअकरा.

मंडळी आत्ताच गेली. सतरंजीवर शेंगांची टरफलं तशीच पडली आहेत. आज ‘कुंकू’ पाहिला, प्रभातचा, १९३७चा.

दिग्दर्शक शांतारामबापूंनी या चित्रपटाला पार्श्वसंगीत दिलेलंच नाही. सुरुवातीला ते कुणाच्या ध्यानातही आलं नाही. मग चित्रपटातल्या काकासाहेबांच्या घरातल्या भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक जाणवू लागली आणि आमच्या खोलीतली कुजबुज आपोआप थांबली. हा चित्रपट मी एकटीनं दोनदा पाहिलाय, पण ते घड्याळ असं कधी ऐकलं नव्हतं. ते आज आठ जणांच्या शांततेत ऐकू आलं.

शांता आपटेंची नीरा म्हाताऱ्या काकासाहेबांना नवरा मानायचं नाकारते, तेव्हा शेजारच्या काकूंनी पदरानं डोळे टिपले. “आमच्या आत्याला असं बोलता आलं असतं तर...” एवढंच म्हणाल्या. चित्रपट संपल्यावर बराच वेळ कुणी दिवा लावला नाही.

केशवराव दात्यांचे काकासाहेब मला खलनायक वाटतच नाहीत. स्वतःची चूक हळूहळू कळत जाणारा माणूस त्यांनी किती खरा उभा केलाय!

पुढच्या शनिवारी ‘माणूस’. काकू धाकट्या बहिणीलाही घेऊन येणार आहेत.