सगळ्यांची एकच सुट्टी

म्युनिक

प्रिय दादा आणि वहिनी,

जर्मनीबद्दल लिहायचे तर राजवाड्यांपासून सुरुवात करता आली असती, पण रविवारपासून करतो. दादा दुकानदार आहे, त्याला त्यात जास्त रस वाटेल. शनिवारी रात्री आठला इथली दुकाने बंद होतात, ती थेट सोमवारी सकाळी उघडतात. त्यामुळे शनिवारी सातच्या सुमाराला सुपरमार्केटच्या गल्ल्यापुढे मोठी रांग असते. सरकत्या पट्ट्यावर दूध, पाव, अंडी आणि दोन दिवसांची भाजी. पलीकडे रिकाम्या बाटल्या परत घेणारे यंत्र असते. लोक पिशव्या भरभरून प्लॅस्टिकच्या बाटल्या आणतात आणि बाटलीमागे २५ सेंट परत घेतात. आठ वाजले की दिवे मालवतात. दुसऱ्या दिवशी वस्तीत गवत कापायचे यंत्र चालवायला कायद्याने बंदी. नाक्यावरच्या काचेच्या पेटीत बाटली टाकायची नाही, कारण तिच्या खळखळाटाने शेजाऱ्यांची झोपमोड होते. तशी सूचना पेटीवरच लिहिलेली असते. साडेसात टनांवरचे ट्रकसुद्धा रात्री दहापर्यंत रस्त्यावर येत नाहीत, नाशवंत माल वगैरे नेणाऱ्यांना तेवढी सवलत. आणि हे सगळे निव्वळ रूढीवर चालत नाही. रविवार हा विश्रांतीचा दिवस म्हणून राखावा, हे कलम १९१९ च्या वायमार राज्यघटनेत होते आणि १९४९ च्या घटनेने ते जसेच्या तसे उचलले.

नव्याने आलेल्या जोडप्याला हा प्रकार जाचक वाटतो. दोघेही नोकरीला, आठवडाभर वेळ नाही, आणि मोकळा दिवस मिळतो तेव्हा बाजार बंद. प्रत्येक नोकराला आठवड्यात कुठलीतरी एक सुट्टी द्यावी आणि दुकाने सातही दिवस उघडी ठेवावीत, असे कुणीही सुचवेल. हिशेबाने ते बरोबर दिसते, पण त्यात एक गोष्ट सुटते. नवऱ्याची सुट्टी मंगळवारी, बायकोची गुरुवारी आणि मुलांची शाळा रविवारी बंद असेल, तर त्या घरात तीन सुट्ट्या असूनही सुट्टीचा दिवस एकही नाही. हा प्रयोग एका देशाने करून पाहिला आहे. सोव्हिएत रशियाने १९२९ मध्ये कारखाने अखंड चालावेत म्हणून पाच दिवसांचे चक्र आणले. कामगारांचे पाच गट पाडले, प्रत्येक गटाला एक रंग दिला आणि रंगाप्रमाणे सुट्टीचा दिवस ठरवला. सुट्टी सातव्या दिवसाऐवजी पाचव्या दिवशीच मिळू लागली. तरीही लोक नाराज झाले. नवरा एका रंगाचा आणि बायको दुसऱ्या रंगाची असली, तर दोघे निवांत भेटणार केव्हा? १९३१ मध्ये सरकारने पाऊल मागे घेतले आणि बहुतेकांना पुन्हा सामाईक सुट्टी दिली. १९४० मध्ये सात दिवसांचा आठवडा आणि रविवारही परत आले. सुट्ट्यांची संख्या वाढवूनही लोकांचे समाधान झाले नाही, यावरून सुट्टीची किंमत बरोबर कोण आहे त्यावर ठरते असे मला वाटते. परक्या देशात दोघेच राहणाऱ्यांना तर हे अधिकच लागू आहे. तिथे एकमेकांशिवाय घरचे म्हणून दुसरे कुणी नसते.

कोखेल

दुकाने बंद म्हणून माणसे घरात बसून राहतात असे मात्र नाही. रविवारी सकाळी दक्षिणेकडच्या गाड्या डोंगर चढायला निघालेल्यांनी भरलेल्या असतात. म्युनिकहून साधारण तासाभरात कोखेलच्या तळ्याकाठी येता येते. २०२३ च्या मे महिन्यापासून महिन्याचा एकच पास देशभरच्या सगळ्या साध्या गाड्यांना, ट्रामना आणि बसना चालतो. सुरुवातीला तो ४९ युरोंना होता, २०२५ मध्ये ५८ झाला.

पण गाडी चालवणाऱ्याचा रविवार कुठे गेला, असे वहिनी विचारतील, आणि हा आक्षेप वजनदार आहे. गाडीचा चालक, रुग्णालयातली परिचारिका, तळ्याकाठच्या उपाहारगृहातला वाढपी, सकाळी काही तास उघडणारा पाववाला, पाळीने रात्रंदिवस उघडे राहणारे औषधाचे दुकान, हे सगळे आज कामावर आहेत. कोखेलला वरच्या वाल्खन तळ्याचे पाणी सुमारे २०० मीटर खाली आणून वीज करतात. ओस्कार फोन मिलर यांच्या योजनेतून उभे राहिलेले हे केंद्र १९२४ पासून चालू आहे, आणि जनित्रांना रविवार नसतो. कायदा हे मान्य करतो. १९९४ च्या कामाच्या वेळांच्या कायद्यात रविवारी काम करवून घेण्यास मनाई आहे आणि पुढच्याच कलमात अपवादांची लांबलचक यादी आहे. पण अपवादातल्या माणसालाही वर्षातले किमान १५ रविवार मोकळे मिळालेच पाहिजेत, आणि कामाच्या रविवारच्या बदल्यात दोन आठवड्यांत दुसरा दिवस दिला पाहिजे. म्हणजे अपवाद कशासाठी हे सांगावे लागते. आजारी माणूस सोमवारपर्यंत थांबू शकत नाही. सदऱ्याची खरेदी थांबू शकते. ही सीमारेषा कुठे आखावी यावर भांडण होईल आणि झालेही पाहिजे. पण काही लोकांना काम करावेच लागते, म्हणून सगळ्यांनीच करावे, हे त्यातून निघत नाही.

दुसरा आक्षेप मला जास्त बोचतो. रविवारची ही शांतता ज्यांची माणसे जवळ आहेत त्यांना गोड लागते. आईवडील पलीकडच्या गावात, तर दुपारी जेवायला जाता येते. नुकत्याच आलेल्या परदेशी बाईला, विशेषतः नवऱ्याच्या नोकरीमागे आलेल्या आणि भाषा न येणाऱ्या बाईला, बंद दारांची ती रांग आणखी एकटे पाडते. हे खरे आहे आणि ते नाकारण्यात अर्थ नाही. पण यावरचा उपाय दुकान उघडणे हा नाही. गल्ल्यावर सामान मोजून पुढे निघाल्याने ओळख होत नाही. इथल्या मराठी मंडळींचा गणपती, दिवाळी, मुलांचा मराठी वर्ग, सगळे शनिवार-रविवार धरून चालते ते सगळे एकाच वेळी मोकळे असतात म्हणून. सुट्ट्या विखुरल्या असत्या तर आरतीला दहा माणसे जमवताना नाकी नऊ आले असते.

बर्लिन

या शहराने रविवार सैल करण्याचा सर्वांत मोठा प्रयत्न केला, म्हणून शेवटचे पत्र इथून. १९५६ पासून दुकानांच्या वेळा ठरवणारा कायदा देशभर एकच होता. २००६ मध्ये तो अधिकार राज्यांकडे गेला आणि बर्लिनने नाताळाआधीचे चारही रविवार दुकानांना मोकळे करून टाकले. कॅथलिक आणि प्रोटेस्टंट ही दोन्ही चर्च घटना न्यायालयात गेली. १ डिसेंबर २००९ च्या निकालात न्यायालयाने ही तरतूद घटनेविरुद्ध ठरवली. निकालातला मला पटलेला भाग असा, की दुकानदाराला अधिक विक्री हवी किंवा गिऱ्हाइकाला खरेदीची हौस आहे, एवढे कारण रविवार मोडायला पुरत नाही.

तर मग हा ख्रिस्ती दिवस सगळ्यांवर लादला, असे म्हणता येईल. पण रविवार वाचवण्यासाठी इथे चर्चच्या जोडीला कामगार संघटनाही उभ्या आहेत. आणि आपल्याकडे मुंबईच्या गिरणी कामगारांना आठवड्याची सुट्टी मिळवून दिली ती सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे यांनी. १८८४ पासूनच्या त्यांच्या लढ्याने १० जून १८९० ला रविवार मिळाला. तो मागणारे बहुसंख्य कामगार ख्रिस्ती नव्हते, कष्टकरी होते.

दादा, तुझा शेवटचा मुद्दा धंद्याचा असणार. घरबसल्या मोबाइलवरून रविवारीही मागवता येते, मग दुकानदारानेच का मरायचे? तोटा होतो, हे मान्य. पण लोकांची साखर-तेलाची गरज सातवा दिवस उघडल्याने वाढत नाही, सहा दिवसांची विक्री सात दिवसांवर पसरते एवढेच. त्या वाढीव दिवसाचे वीजबिल आणि पगार मोठ्या मॉलला पाळ्या लावून झेपतात. तुझ्यासारख्याला झेपत नाहीत, कारण गल्ल्यावर सातही दिवस तुला किंवा वहिनींनाच बसावे लागते. सगळ्यांनी मिळून बंद ठेवले तरच तुला गिऱ्हाईक न गमावता बंद ठेवता येते. १९४८ च्या दुकाने कायद्याने आपल्याकडे हेच साधले होते, म्हणून पाट्यांवर ‘सोमवारी बंद’ असे असायचे. महाराष्ट्राच्या २०१७ च्या नव्या कायद्याने दुकान वर्षभर उघडे ठेवायची मुभा दिली. नोकराला साप्ताहिक सुट्टी ठेवली, मालकाचा मात्र विचार केला नाही. पण त्या कायद्याने दुकान उघडायची सक्तीही केलेली नाही. तुमच्या पेठेतल्या व्यापारी संघटनेने एकमताने एक दिवस ठरवला, तर तो कायदा आडवा येणार नाही. पुढच्या बैठकीत हा विषय काढ, आणि कोण काय म्हणाले ते सविस्तर कळव.

तुझा,
धाकटा भाऊ