आम्ही आणि आमचा ‘संपादक’

साहित्याच्या वर्गात ‘संपादक’ हा शब्द उच्चारला की हस्तलिखितावर तांबड्या शाईने खुणा करणारी व्यक्ती डोळ्यांपुढे येते. पंचेचाळिशीच्या उंबरठ्यावर आम्हां दोघांना या शब्दाचा दुसरा अर्थ शिकावा लागला: संगणकाची आज्ञावली ज्यात लिहितात ते साधन.

निमित्त झाले ओव्यांचे. आमच्या विभागातील एका दिवंगत बाईंनी गावोगाव हिंडून जात्यावरच्या ओव्या जमवल्या होत्या. वह्या पुरात गेल्या. उरली ती संगणकावरची एकुलती प्रत, तीही युनिकोडपूर्व फाँटमधली. फाँट नसला की ओवीच्या जागी निरर्थक रोमन अक्षरांची रांग दिसे. अशा फाँटमध्ये ऱ्हस्व वेलांटी डोळ्यांना दिसते तशी व्यंजनाआधी साठवलेली असते, युनिकोडमध्ये ती व्यंजनानंतर येते. रफाराचे नेमके उलटे. म्हणजे अक्षरामागे अक्षर बदलून भागणारे नव्हते. म्हणून पायथन शिकावयाचे ठरले.

दिवाळीची सुट्टी संपली तरी दहा ओळी लिहून झाल्या नव्हत्या, कारण लिहावे कशात यावरच आमचा वाद. प्रथम आम्ही सवयीच्या शब्दप्रक्रियकाकडे वळलो. त्याने आमची सरळ अवतरणचिन्हे परस्पर वळणदार केली. दिसावयास शोभिवंत, पण पायथनला अमान्य! मग एक साधी टिपणवही घेतली. जतन करताना आलेली सूचना न वाचता आम्ही ‘होय’ म्हटले आणि दुसऱ्या दिवशी रूपांतरित ओव्यांच्या जागी केवळ प्रश्नचिन्हे उभी होती. मूळ प्रत वेगळी ठेवलेली होती, एवढेच आमचे भाग्य. यूटीएफ-८ या संकेतपद्धतीचे नाव त्या दिवशी जे पाठ झाले ते कायमचे.

एका माजी विद्यार्थ्याने ‘व्हिम’ सुचवला. ब्राम मोलेनार यांनी १९९१ साली प्रसिद्ध केलेल्या या साधनावर जाणकारांची निष्ठा का जडते, हे त्याची बोटे पाहून कळले. पण आमच्या खिडकीत प्रत्येक वर्णाला ठरावीक चौकट. जोडाक्षरे त्यात फुटून विखुरत. आम्हांला ओवी वाचता येणे अगत्याचे होते. अखेर २०१५ साली आलेल्या ‘व्हीएस कोड’वर आम्ही स्थिरावलो. ते विनामूल्य आहे. चुकीच्या ओळीखाली तांबडी रेघ ओढते. रिकाम्या जागाही ठिपक्यांनी दाखवते. पायथनमध्ये समासालाच अर्थ असल्याने ही गोष्ट नवशिक्याला फार मोलाची.

मात्र खरा प्रसंग पुढेच होता. हौसेने आम्ही त्यात कृत्रिम बुद्धिमत्तेची सूचनासोय जोडली. आज्ञावलीच्या ओळी ती आमच्याआधी पुऱ्या करी. आम्ही सुखावलो आणि शिकणे थांबले. एके दिवशी तपासणीसाठी एक ओवी लिहीत होतो. अर्धा चरण होताच पुढचा चरण करड्या अक्षरांत उमटला: यमक जुळलेले, भाषा प्रमाण, अर्थही बरा. पण तो कोणत्याही बाईने जात्यावर म्हटलेला नव्हता. एक कळ दाबली असती तर तो बाईंच्या संग्रहात कायमचा मिसळला असता.

ज्ञानेश्वरीची पाठशुद्धी शके १५०६ मध्ये पूर्ण करताना, या ग्रंथात कोणी आपली ओवी घालू नये, असे एकनाथांनी बजावून ठेवले आहे. आम्ही हे वर्षानुवर्षे वर्गात शिकवतो. त्याचा अर्थ त्या करड्या ओळीपुढे कळला. ती सोय आम्ही बंद केली.

नवशिक्यांना आमचे सांगणे एवढेच: संपादक कोणताही घ्या, पण तो जे आहे ते दाखवणारा आणि न विचारता काही न बदलणारा असावा. एकदा निवडला की निदान वर्षभर बदलू नका. वेलांट्या आता बहुतेक जागी बसल्या आहेत. काही ओव्यांत बाईंनी शब्दाच्या जागी केवळ टिंबे दिली आहेत. ऐकू आले नसावे. ती टिंबे आम्ही तशीच ठेवली आहेत.