हलशीचे ताम्रपट

खानापूर तालुक्यातील हलशी गाव म्हणजे कदंबांची पलाशिका. तेथील भूवराह-नरसिंहाच्या देवालयात दोन गाभारे समोरासमोर आहेत; मध्ये उभे राहून मान वळविली की दोन्ही देवांचे दर्शन घडते. माझ्यासारख्या वकिलाला मात्र हलशीच्या ताम्रपटांचे अगत्य अधिक. पाचव्या शतकात काकुस्थवर्म्याने आपले प्राण राखणाऱ्या श्रुतकीर्ति सेनापतीला खेटग्रामातील शेत दिले, आणि ते हरण करणाराला महापातकी म्हटले. तेव्हा ना मुद्रांक होता, ना नोंदणीची कचेरी. तरीही नातू मृगेशवर्म्याने ते दान त्याच कुळाकडे चालविले. तांबे अक्षर जपते. शब्द जपतात ते वारस. देवालयांचे वारस म्हणविणाऱ्या आपण एवढे विसरू नये.