मातीची कबुतरे

माझ्या उभ्या आयुष्यात मी बंदूक एकदाच खांद्याला लावली. तीही वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी, परमुलखात आणि चिरंजिवांच्या आग्रहाखातर. गेल्या ऑक्टोबरात आम्ही उभयता मुलाकडे इंग्लंडला गेलो होतो. एका रविवारी सकाळी तो म्हणाला, "बाबा, आज तुम्हाला कबुतरे मारायला नेतो." सौभाग्यवतींनी चहाचा पेला खाली ठेवला. "दिवाळीच्या तोंडावर ही कसली रे बुद्धी!" मग खुलासा झाला, की कबुतरे मातीची असतात.

क्लब म्हणजे एक कापणी झालेले शेत, त्याच्या कडेला पिवळी पडलेली झाडे आणि एक लाकडी खोपटे. गुडघ्यापर्यंत रबरी बूट घातलेली मंडळी किटलीभोवती जमली होती. आपल्याकडे भजनाला जमतात, तितक्याच निवांतपणे. नेम धरणाराने "पुल!" म्हणून आरोळी ठोकायची, की जमिनीतल्या यंत्रातून नारिंगी रंगाची एक बशी सूं करून आभाळात जाते. ती पडण्याच्या आत फोडायची. माझ्याहून वयाने मोठ्या असलेल्या एका आजीबाईंनी पंचवीसपैकी बावीस बशा फोडल्या आणि पुन्हा शांतपणे विणकाम हाती घेतले.

या बशीची कथा मोठी मजेदार आहे. पूर्वी लोक खरीच कबुतरे पेटीतून सोडून मारीत. सन १९००च्या पॅरिस ऑलिंपिकमध्येही जिवंत कबुतरांवर नेमबाजी झाली. त्याआधी, १८८०मध्ये अमेरिकेतल्या लिगॉव्स्की नावाच्या गृहस्थाने भाजलेल्या मातीच्या बशीचे पेटंट घेतले होते; पण ती इतकी कडक निघे, की छर्रा लागला तरी नुसती वाजे, फुटत नसे. म्हणून पुढे डांबर आणि चुनखडीची पूड यांचे मिश्रण आले. आज ती बशी अकरा सेंटिमीटर रुंद आणि सुमारे १०५ ग्रॅम वजनाची असते. नाव मातीचे, पण तिच्यात मातीचा कणही नाही! आपल्या बिकानेरच्या करणीसिंगांनी १९६२मध्ये कैरोच्या जागतिक स्पर्धेत आणि राज्यवर्धनसिंग राठोडांनी २००४मध्ये अथेन्सच्या ऑलिंपिकमध्ये अशाच बशा फोडून रौप्यपदके आणली.

माझी पाळी आली. शिकवणाऱ्याने बंदूक खांद्याला नीट बसवून दिली. मी "पुल" म्हणालो, बार उडाला, खांदा हलला. बशी सुखरूप पैलतीरी गेली. आणि त्या धुराच्या वासात मला एकाएकी वेवजीचे शेत आठवले.

सन १९७८ची गोष्ट. मी बावीस वर्षांचा नवा मास्तर. तेव्हा जिल्हा ठाणे होता. पालघर जिल्हा पुष्कळ उशिरा, २०१४मध्ये झाला. उंबरगाव तालुका १९६०मध्ये गुजरातेत गेल्यापासून वेवजी अगदी सीमेला टेकलेली. वर्गात मुले वारल्यांची. आश्विन लागला की वर्ग अर्धा होई. मला वाटे, पोरे उनाडतात. त्यातला एक अकरा वर्षांचा पोर पंधरा दिवस गैरहजर राहून एके सकाळी उगवला, तो गळ्यात गलोल अडकवूनच. पेरूची बेचकी, सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्या, मधे कातड्याचा तुकडा. मी ती काढून घेतली आणि सगळ्या वर्गासमोर गुडघ्यावर मोडली. शिस्त! मला त्या दिवशी जेवण गोड लागले, खोटे कशाला सांगू?

चौथ्या दिवशी त्याचा बाप शाळेच्या पायरीवर येऊन बसला. बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "गुरुजी, तू भात पाहायला ये."

मी गेलो. हळवे भात दुधावर आले होते. मनोल्यांचे थवे उतरत होते, आणि ज्या कोपऱ्याची राखण पोराकडे होती, तिथली कणसे ताठ उभी होती. भरलेले कणीस वाकते, हे मास्तराला ठाऊक नसले तरी चालते, पण त्या दिवशी कळले. मोडलेल्या गलोलीच्या पायी त्या घराचे किती दिवसांचे जेवण गेले, हे मी विचारले नाही. त्यानेही सांगितले नाही.

त्यानंतर रोज शाळा सुटली, की मी माळ्यावर जाऊन बसू लागलो. पोराने नवी बेचकी केली आणि मला गोळ्या वळायला लावले. माती वारुळाची, बारीक मळलेली; गोळी बोराएवढी; आधी उन्हात वाळवायची, मग चुलीच्या निखाऱ्यांत भाजायची. कच्ची राहिली तर हवेतच फुटते. पाखरे नसत, तेव्हा आम्ही बांधावर फुटक्या मडक्याच्या खापऱ्या मांडून नेम धरीत असू. म्हणजे साहेबाच्या क्लबात नेम मातीचा आणि गोळी शिशाची. आमच्या क्लबात दोन्ही मातीची! पोर दहापैकी नऊ खापऱ्या उडवी. मी एकदा बांधावरच्या बापाच्या तांब्याला पोक आणला.

रात्री बाप बोलत असे. एकदा दूर कुठेतरी बार वाजला, तसा तो थांबला. १९४५च्या १० ऑक्टोबरला तलवाड्याला जमलेल्या वारल्यांवर पोलिसांनी गोळ्या झाडल्या होत्या. जेठ्या गांगड आणि आणखी काही जण तिथे पडले. बाप तेव्हा पोरगेला होता. "भात तेव्हा असाच होता," एवढेच तो म्हणाला, आणि पुन्हा पाखरांकडे तोंड केले; रात्री पाखरे नसतात, तरीही.

"बाबा, पुढची सोडू का?" चिरंजीव विचारीत होते. पंचवीस बारांत माझी एकच बशी फुटली, आणि तीही मी डोळे मिटले तेव्हा.

परतताना गवतात पडलेली एक अभंग बशी मी मागून घेतली. ती फराळाच्या डब्यातून मुंबईला आली. वाघबारशीच्या आदल्या दिवशी उंबरगाव रोडला उतरून मी वेवजी गाठली. माझा विद्यार्थी आता अठ्ठावन्न वर्षांचा आहे. केस पांढरे, नजर तीच. बाप कधीच गेला. घरातून उकडलेल्या चवळीच्या शेंगांचा वास येत होता. त्याने बशी उलटसुलट करून पाहिली, हुंगली.

"गुरुजी, ही माती कुठली?"

"माती नाही रे. डांबर आहे."

"मग भाजली नाही," तो नाराजीने म्हणाला. मी त्याला सगळे सांगितले: यंत्र, आरोळी, विणकाम करणाऱ्या आजीबाई. शाळेच्या वर्गात जे मला चाळीस वर्षांपूर्वी बोलता आले नव्हते, ते मात्र तेव्हाही जिभेवर आले नाही. तो खुंटीकडे गेला आणि गलोल काढून घेऊन आला. नातवाला म्हणाला, "फेक."

नातवाने बशी अशी काही भिरकावली, की ती घरावरून थेट शेजाऱ्याच्या भातात गेली. आम्ही तिघे दिवस मावळेपर्यंत चिखलात वाकून ती शोधीत होतो.