तळ्याला काठ नसतो

दहा गुंठे जमीन असेल तर त्यातल्या तीन गुंठ्यांत तळं खोदावं, तळ्यात तिलापिया सोडावा आणि बाजारातून मासळी आणणं बंद करावं, हे मत मी थायलंडहून घेऊन आलो. खडोलीत राहायला लागल्यापासून भेटेल त्याला ते पटवूनही देत होतो. आज मी तळ्याच्या बाजूने आहे, तिलापियाच्या नाही. आणि तळं म्हणजे काय, याबद्दलचं माझं मत तर मुळापासून बदललं आहे. माझं ऐकून ज्यांनी खोदकाम केलं ती माणसं रोज समोर दिसतात, म्हणून हा बदल कसा झाला ते नीट सांगायला हवं.

थायलंडला मला धाग्याच्या धंद्याने नेलं. आदित्य विक्रम बिर्लांनी १९६९ मध्ये तिथे इंडो-थाय सिंथेटिक्स काढली, १९७४ मध्ये थाय रेयॉन. त्या वाटेने पुढची दोन-तीन दशकं सूत आणि कापड जाणणारे कितीतरी भारतीय तिकडे गेले, त्यांत मराठी माणसंही होती. आमची गिरणी लहान होती, चाओ फ्राया नदीच्या खोऱ्यात, आंगथाँग प्रांतात. बँकॉक तिथून शंभरेक किलोमीटर. डोंगर कुठे दिसायचा नाही. जिकडे पाहावं तिकडे भात, कालवे आणि खांबांवर उभी लाकडी घरं. पहाटे भिक्षू भिक्षापात्र घेऊन रस्त्याने जात. संध्याकाळी त्याच रस्त्याच्या कडेला मिठात घोळवलेला, तोंडात गवती चहाची जुडी खोचलेला तिलापिया निखाऱ्यावर भाजला जाई. बाजारात मासा बर्फावर नसायचा. ॲल्युमिनियमच्या घमेल्यात तो जिवंत असायचा, आणि बोट दाखवल्यावर बाई तो समोर साफ करून द्यायची. आमच्या घरी गोडा मसाला वर्षातून एकदा पुण्याहून यायचा, पण मासे रोज ताजे असायचे. एवढ्यावर परक्या देशात दिवस बरे जातात.

परदेशी माणसाला तिथे जमीन नावावर करता येत नाही. आम्ही एका वयस्कर शेतकऱ्याच्या घरात भाड्याने राहिलो. गाव त्यांना लुंग म्हणायचं, म्हणजे काका, म्हणून आम्हीही तसंच म्हणू लागलो. लुंगच्या घरामागे तळं होतं आणि तळ्यावर, पाण्यात रोवलेल्या खांबांवर, कोंबड्यांचं खुराडं. कोंबड्यांची विष्ठा पाण्यात पडे, तिच्यावर शेवाळ आणि सूक्ष्म जीव वाढत, ते मासे खात. खाद्य विकत आणायचं ते फक्त कोंबड्यांना. तळ्यातला गाळ उन्हाळ्यात केळीच्या बुंध्याशी जाई. या व्यवस्थेत वाया काहीच जात नव्हतं, आणि गिरणीत वर्षानुवर्षं वाया गेलेल्या धाग्याचा हिशेब ठेवणाऱ्या माझ्यासारख्याला ते फार भिडलं.

पुढे कळलं की हा मासा त्या देशाचा नव्हेच. १९६५ साली जपानचे तेव्हाचे युवराज अकिहितो यांनी थायलंडचे राजे भूमिबल यांना पन्नास नाईल तिलापिया पाठवले. राजांनी ते चित्रलदा राजवाड्याच्या तळ्यात वाढवले आणि १९६६ मध्ये दहा हजार पिल्लं मत्स्य खात्याला दिली. तिथून तो गरिबाच्या ताटापर्यंत पोचला. याच राजांनी नव्वदच्या दशकात लहान शेतकऱ्यासाठी जमिनीची एक वाटणी सुचवली होती: तीस टक्के पाणी, तीस टक्के भात, तीस टक्के फळझाडं आणि भाजी, दहा टक्के घर आणि गोठा. तीस टक्के जमीन पाण्याला देणं कोकणात किंवा देशावर कोणाला सांगून पटणार नाही. मला मात्र तेव्हाच पटलं, आणि ते प्रमाण डोक्यात घट्ट बसलं.

मग नोकरीने मला दादरा नगर हवेलीतल्या खडोलीत आणलं. मराठी माणसाला हा प्रदेश ठाऊक असतो तो २ ऑगस्ट १९५४ मुळे. सिल्वासा मोकळं करायला गेलेल्यांत सुधीर फडके होते, बाबासाहेब पुरंदरे होते, हे आपण अभिमानाने सांगतो आणि तिथेच थांबतो. त्यानंतर इथे काय घडलं, इथली वारली, कोकणा, धोडिया माणसं काय पिकवतात, काय खातात, हे आपल्याला विचारलं तर उत्तर येत नाही. मलाही येत नव्हतं. खडोलीत कारखान्यांची पत्र्याची छपरं आणि भाताची खाचरं एकमेकांना लागून आहेत. कारखान्यांत बिहारचे, ओडिशाचे, उत्तर प्रदेशचे, आपल्याकडचे लोक पाळ्यांमध्ये काम करतात. त्यांच्या चाळींच्या मागे पावसाळ्यात वारली बायका गुडघाभर चिखलात आवणी करत असतात. आम्ही एका वारली कुटुंबाच्या शेजारी राहतो. घरच्या कर्त्या माणसाला मी काका म्हणतो. त्यांच्या जमिनीत एक जुनी खोलगट जागा होती, माती काढून काढून झालेली. तिचं तळं करायचं ठरलं. जमीन त्यांची, बियाण्याचा आणि खोदाईचा खर्च माझा, मासे दोन्ही घरांचे.

तळ्याचं काम मी मनापासून शिकलो आणि त्यातलं पुष्कळ काकांकडून शिकलो. पावसाच्या पाण्याबरोबर आलेले शिकारी मासे आधी काढावे लागतात, नाहीतर सोडलेलं बी ते फस्त करतात. त्यासाठी मोहाची पेंड घालतात, गुंठ्याला २०-२५ किलो. मोह तर नगर हवेलीत घराघरांपुढे आहे. पेंडीतलं विष माशांना मारतं, दोन-तीन आठवड्यांत उतरतं आणि पुढे तिचंच खत होतं. मग चुना, मग शेण. पाणी हिरवट झालं की कोपरापर्यंत हात बुडवायचा. तळवा जेमतेम दिसला तर पाणी तयार. मग बोटुकली सोडायची. हेक्टरी पाच ते दहा हजार हे प्रमाण, म्हणजे तीन गुंठ्यांना दीडशे ते तीनशे. कटला वरच्या थरात खातो, रोहू मधल्या, मृगळ तळाशी, म्हणून तिघं एका पाण्यात नांदतात. भाताचा कोंडा आणि भुईमुगाची पेंड सारख्या प्रमाणात भिजवून रोज ठरल्या जागी ठरल्या वेळी दिली की मासे तिथे वाट पाहत जमतात.

सगळ्यात कठीण असतं ऑगस्टमधलं ढगाळ हवामान. दिवसा हिरवं पाणी प्राणवायू तयार करतं आणि रात्री तेच पाणी तो खातं. चार दिवस ऊन पडलं नाही की पहाटे पाण्यातला प्राणवायू संपत येतो. कटला आणि रोहू तोंड वर काढून आ वासतात, दम लागलेल्या माणसासारखे. अशा वेळी खाद्य आणि शेण ताबडतोब थांबवायचं, विहिरीचं पाणी उंचावरून धारेने सोडायचं, बांबूने पाणी घुसळायचं. काकांच्या घरची सगळी मंडळी आणि आम्ही अशा पहाटे तळ्यात उतरलो आहोत. पण त्याच पाण्यात चुकून राहिलेली मरळ निवांत असते. ती पाण्याबाहेरची हवा घेऊ शकते. पेंड घालून तिला मारायची आणि मग ज्यांना इथलं पाणी सोसत नाही त्यांना धाप लागताना पाहायचं, हा प्रश्न मला तिथेच पहिल्यांदा पडला.

तरीही तिलापियाचा आग्रह मी सोडला नव्हता. मोझांबिकचा तिलापिया भारतात १९५२ सालीच आला आहे आणि महाराष्ट्रात कित्येक धरणांतून चिलापी म्हणून विकला जातो, तेव्हा सुधारित नाईल तिलापिया आणला तर बिघडलं कुठे, असं मी म्हणायचो. तो काटक, कमी प्राणवायूत टिकणारा, काय मिळेल ते खाणारा. आजूबाजूच्या दोन-तीन घरांनी तो आणला. थायलंडमध्ये पिल्लांना खाद्यातून संप्रेरक देऊन सगळे नर करतात, कारण मादी पाच-सहा महिन्यांत विते, अंडी तोंडात सांभाळते आणि वर्षभरात तळं लहान लहान माशांनी भरून टाकते. इथे आलेलं बी तसं निवडलेलं असेल याची खात्री कोण देणार?

नगर हवेलीत वर्षाला दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सगळा चार महिन्यांत. तिलापिया आल्यानंतरच्या जुलैत जोराचा पाऊस सलग झाला. तळं भरलं, बांधावरून वाहिलं, खाचरात गेलं, खाचरातून ओहोळात. ओहोळ दमणगंगेला मिळतो. आंगथाँगमध्ये मी तळं पाहिलं होतं ते एका घराचं तळं म्हणून. २०११ च्या पुरात ते सबंध खोरं एक पाणी झालं, तेव्हा मी भारतात परतलो होतो. लुंगच्या मुलाने पाठवलेल्या फोटोत तळं कुठे आणि शेत कुठे हे ओळखू येत नव्हतं. तो मला फक्त पूर दिसला. खडोलीत उमगलं की इथे दर वर्षी, कमी-जास्त, हेच होतं. पावसाळ्यात तळ्याला काठ नसतो. आपण त्यात जे सोडतो ते नदीत सोडतो.

हे मला काकांच्या टोपलीने दाखवलं. पहिल्या मोठ्या पावसाला ओहोळांना नवं पाणी येतं आणि नदीतले मासे अंडी घालायला उलट चढून खाचरांपर्यंत येतात. ठाणे-पालघर-रायगडकडे याला वलगण म्हणतात, इतरत्र चढणीचे मासे. काकी आणि सुना त्रिकोणी हातजाळी घेऊन बांधाच्या तोंडाशी उभ्या राहतात, काका पाग टाकतात, पोरं हातांनी मुठे पकडतात. टोपलीत मरळ, वाम, शिंगी, मुरी, खवल असं सगळं मिळून येतं. काही लगेच रस्सा करून खायचं, काही चुलीवर सुकवायचं. शेतीच्या सगळ्यांत मेहनतीच्या दिवसांत, घरातले दाणे सरत आलेले असताना, हा आहार फुकट मिळतो. त्या जुलैनंतरच्या पावसाळ्यात त्या टोपलीत बोटाएवढी तिलापियाची पिल्लं निघाली. काकांनी ती बाजूला काढून मला दाखवली, एवढंच. त्यांना त्यांचं विशेष दुःख होतं असंही नाही. मासा तो मासा, असंच ते म्हणाले. मला मात्र रात्रभर ती पिल्लं दिसत राहिली, कारण ती कुठून आली हे मला ठाऊक होतं.

ज्याला मी मत्स्यपालनातला अभाव समजत होतो, तो इथे मुळात नव्हताच. इथल्या माणसाकडे मासे होते, पण ते कुंपणात नव्हते म्हणून मला दिसले नव्हते. मी दहा गुंठ्यांतले तीन पाण्याला द्या म्हणून सांगत होतो. इथलं भाताचं प्रत्येक खाचर पावसाळ्यात पाणीच असतं, आणि त्यात मासे असतात.

मला कोणी विचारेल की रोहू-कटला तरी कुठले इथले. खरंच आहे, ते गंगेच्या खोऱ्यातले, बाहेरचेच. पण ते साचलेल्या पाण्यात वीत नाहीत. त्यांना वाहती नदी आणि पूर लागतो. म्हणूनच १९५७ च्या १० जुलैला ओडिशात अंगुल इथे हिरालाल चौधरी यांनी माशाच्याच पीयूषिका ग्रंथीचा अर्क टोचून त्यांना वीण घ्यायला लावलं, तो दिवस आपण राष्ट्रीय मत्स्यशेतकरी दिन म्हणून पाळतो. त्यांचं बी दर वर्षी विकत आणावं लागतं. ज्या गोष्टीला मी पूर्वी त्यांचा दोष मानायचो, तीच आज मला त्यांची जमेची बाजू वाटते. जिथे आपण पाहुणे आहोत तिथे असंच राहावं, अशी माझी धारणा होत चालली आहे, माशांच्या आणि माणसांच्याही बाबतीत. याउलट थाई मागूर म्हणून जो मासा चोरून पाळला जातो तो मुळात आफ्रिकेचा, हाती लागेल ते खाणारा. त्याच्यावर देशात बंदी आहे आणि ती योग्य आहे, याबद्दल मला पहिल्यापासूनच शंका नव्हती.

तिलापियाचा मी द्वेष करत नाही. थायलंडमध्ये त्याने कोट्यवधी माणसांना स्वस्त मासा दिला, आणि ज्या गावात सिमेंटची टाकी आहे, पूर येत नाही, तिथे त्याला विरोध करण्याचं कारण मला दिसत नाही. लुंगबद्दलचा माझा आदर तसूभरही कमी झालेला नाही. फक्त त्यांची व्यवस्था त्यांच्या पाण्यासाठी होती. मी ती जशीच्या तशी उचलली, आणि खाली दमणगंगा आहे हे हिशेबात धरलं नाही.

आता आमच्या तळ्यात रोहू, कटला आणि मृगळ आहेत. सांडव्याच्या तोंडाला बारीक जाळी आहे. मोहाची पेंड आता मी घालू देत नाही. शिकारी मासे आम्ही जाळं ओढून काढतो आणि मरळ ओहोळात परत सोडतो. त्यामुळे आमचं उत्पन्न कमी झालं आहे, हे मान्य. ज्या घरांनी माझ्या सांगण्यावरून तिलापिया आणला त्यांच्याकडे मी स्वतः जाऊन आलो. एकाने तळं उन्हाळ्यात कोरडं करून पुन्हा भरायचं कबूल केलं. दुसऱ्याने नाही केलं, कारण त्याच्या घरी चार तोंडं त्याच माशावर जेवतात. त्याला काय उत्तर द्यावं ते मला अजून सुचलेलं नाही.

या पावसाळ्याआधी मी दुसऱ्याच एका गोष्टीच्या मागे लागलो आहे. आमच्या ओहोळावर रस्त्याखाली सिमेंटची मोरी आहे. तिचं खालचं तोंड ओहोळाच्या तळापेक्षा हातभर वर आहे, त्यामुळे पाणी तिथून खाली पडतं आणि लहान मासे ती पायरी चढू शकत नाहीत. वलगणीचे मासे त्या मोरीच्या खाली अडतात, तिथेच सगळे जाळी लावतात, आणि वरच्या खाचरांना काही पोचत नाही. मोरीचा पाइप ओहोळाच्या तळाशी बसवला आणि खाली दगड रचून चढण केली तर मासा वर जाईल. खर्च फार नाही. मी अर्ज लिहिला आहे, काकांनी आणि आणखी काही घरांनी त्यावर अंगठे दिले आहेत, आणि काकींचं म्हणणं आहे की उत्तराची वाट न पाहता दगड तरी मे महिन्यातच रचून घ्यावेत.