मेख आणि माती

तंबू म्हटला की माणसाची दृष्टी प्रथम कापडाकडे जाते. रंग कोणता, शिवण कशी, आत माणसे किती मावतील, याची चौकशी करणारे पुष्कळ भेटतात. मेखांची विचारपूस करणारा विरळाच. वास्तविक वाऱ्याचा पहिला हल्ला कापडावर होत असला, तरी लढाईचा निकाल मेखांपाशीच लागतो. आपल्या भाषेने हे मर्म केव्हाच हेरले आहे. आपण तळ ठोकतो, तो उगीच नव्हे.

परंतु ठोकायचा कशात? सह्याद्रीच्या पठारांवर मातीचा थर वीतभर, आणि त्याखाली सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा काळा कातळ. तेथे लाकडी मेख फुटते, ॲल्युमिनियमची वाकते; बारीक पण कणखर पोलादी मेखच मुरुमातून वाट काढते. निव्वळ कातळ लागला, तर तणावे सरळ धोंड्यांना बांधावे. देशावरची काळी जमीन उन्हात भेगाळते आणि पावसात फुगून मऊ होते. तिच्यात बारीक मेख जितक्या सहज शिरते, तितक्याच सहज निघते. तेथे लांब आणि रुंद मेख हवी. मेखेला धरून ठेवते ती भोवतालची माती. ती जितकी सैल, तितकी अधिक माती मेखेने कवेत घेतली पाहिजे. माथा तंबूपासून दूर कलता ठेवावा आणि तणावा जमिनीलगत बांधावा, हे पथ्य बहुतेक ठिकाणी सारखे. बाकी सारे मातीला विचारून.

काही वर्षांपूर्वी आमच्या विद्यार्थ्यांची सहल कोकणच्या किनाऱ्यावर गेली होती. सायंकाळी वारा सुटला आणि गडांवर ठाम राहिलेल्या पोलादी मेखा वाळूतून एकामागून एक उपटू लागल्या. आमचे गिर्यारोहक वीर त्या अधिकच जोराने ठोकू लागले. तेव्हा वर्गात कधी तोंड न उघडणारा, त्याच किनाऱ्यावरचा एक मुलगा हळूच म्हणाला, "सर, ठोकून नाही राहणार, पुरून राहील." त्याने पिशव्यांत ओली वाळू भरली, त्यांच्या मध्यावर तणावे बांधले आणि हातभर खोल खड्ड्यांत त्या आडव्या पुरून वर वाळू दाबली. रात्रभर वारा घोंघावत होता; तंबू जागचा हलला नाही.

खुंटी हलवून बळकट करावी, असे आपण म्हणतो. सिद्धान्तावर पुनःपुन्हा आक्षेप घेऊन तो दृढ करणाऱ्या शास्त्रकारांनी यालाच स्थूणानिखननन्याय म्हटले आहे. आम्हा प्राध्यापकांचा तर तो आवडता न्याय! घट्ट जमिनीत तो खराही असेल. पण वाळूतली खुंटी हलवली की तिची होती ती पकडही जाते.

त्या वर्षीच्या तोंडी परीक्षेत तो मुलगा माझ्यासमोर आला, तेव्हा मी त्याला उलटसुलट प्रश्नांनी हलवले नाही. एकच प्रश्न विचारला, आणि त्याचे उत्तर पुरेसे खोल जाईपर्यंत स्वस्थ बसून राहिलो.