पदवी कोणाची?

विद्याधन चोर नेत नाहीं, हें आपण लहानपणींच पाठ करतों. परंतु समुद्रापलीकडे तें धन पुन्हां पारखून घ्यावें लागतें, हें आमच्या घरास दोन वर्षांपूर्वीं कळलें.

आमची धाकटी सून पुण्यांत आठ वर्षें वैद्यकी करीत होती. चिरंजीवांस इंग्लंडमध्यें नोकरी मिळाली, तेव्हां तेथेंही आपला व्यवसाय चालवावा असें तिनें ठरविलें. एके काळीं आपल्या विद्यापीठांची पदवी तेथें चाले. १९३० सालीं तेथील जनरल मेडिकल कौन्सिलनें ती मान्यता काढून घेतली. पुढें कांहीं वर्षांनीं ती परत मिळाली. १९७५ सालीं मात्र पुन्हां गेली. तेव्हांपासून आपल्या डॉक्टरांस बहुधा परीक्षा देऊनच तेथें प्रवेश मिळतो. प्रथम इंग्रजीची कसोटी. मग तीन तासांत १८० प्रश्नांचा लेखी भाग, जो भारतांत देतां येतो. आणि शेवटीं मँचेस्टर येथें प्रात्यक्षिक. तेथें रोग्याची भूमिका करणारे नट समोर असतात. त्यांस तपासावयाचें तर असतेंच. पण त्यांच्याशीं बोलतां कसें, हेंही पाहतात.

परीक्षेचें भय तिला नव्हतें. गाडी अडली ती नांवापाशीं. पदवी, गुणपत्रकें, नोंदणी, सारें माहेरच्या नांवाचें. पासपोर्ट सासरच्या नांवाचा. लग्नांत चिरंजीवांनीं ताटांतील तांदळांत अंगठीनें जें नवें नांव लिहिलें, तें माझ्याच पसंतीचें. आतां कागदांवर दोन निराळ्या स्त्रिया दिसूं लागल्या, आणि पदवी मिळविणारी ती हीच कशावरून, असा प्रश्न आला. नांवबदलाच्या राजपत्राची प्रत मीं कोठें ठेवली, तें मलाच आठवेना. प्रतिज्ञापत्रें, दाखले आणि कचेऱ्यांतील हेलपाटे यांत चार महिने गेले.

एके रात्रीं तिला कागद चाळतांना पाहून मी म्हणालों, "पोरी, आतां पुरे कर. तेथें जाऊन सुखानें संसार कर."

ती शांतपणें म्हणाली, "बाबा, नांव बदललें तेव्हां मी कांहीं बोललें नाहीं. पण पदवी मीं मिळविली आहे. ती कशी टाकूं?"

त्या रात्रीं मला झोंप आली नाहीं. तोंवर मी त्या परक्या देशावरच रागावलों होतों. विचार करतां वाटलें, आजारी माणसानें नाडी परक्याच्या हातीं देण्यापूर्वीं त्याची पारख मागितली, तर त्यांत गैर काय? परदेशांतून वैद्यकीची पदवी घेऊन येणाऱ्या बहुतेकांस आपल्याकडेही २००२ सालापासून चाळणी परीक्षा द्यावी लागतेच. प्रश्न विचारणाऱ्यांचा दोष नव्हता. त्याचें उत्तर कठीण करून ठेवलें होतें तें आम्हींच, तेंही मंगलाष्टकांच्या गजरांत, कौतुकानें.

राजपत्राची प्रत अखेर पंचांगांच्या गठ्ठ्यांत सांपडली. सूनबाई दोन्ही भाग उत्तीर्ण झाली आणि आज तेथील रुग्णालयांत काम करते.

गेल्या वैशाखांत पुतण्याचें लग्न झालें. मुलगी शिकलेली, वकिली करणारी. तांदळांचें ताट पुढें आलें, तेव्हां नवें नांव कोणतें म्हणून साऱ्यांनीं माझ्याकडे पाहिलें. मी पुतण्यास म्हणालों, "तिचें आहे तेंच लिही." मुलीनें एकदां वर पाहिलें. कोपऱ्यांत तिचे वडील उपरण्यानें डोळे पुशीत होते.